मुंबईच्या पोटातून साडेतेहतीस किलोमीटर

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड अशी सलग गाडी लोकांसाठी धावू लागली. त्याआधी वर्षभरापूर्वी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल आणि मे २०२५ मध्ये पुढे वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा भाग सुरू झाला होता. साडेतेहतीस किलोमीटर लांबी, २७ स्थानकं. आणि त्यातली २६ जमिनीखाली! उघड्यावर आहे ते एकटं आरेचं.

आता या मार्गाच्या डोक्यावर काय काय आहे ते आठवून पाहा. काळबादेवीच्या गल्ल्या, हुतात्मा चौक, सात रस्ता, सिद्धिविनायक, धारावी, मिठी नदी, विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स. एके ठिकाणी तर वर लोकलचे रूळ. या सगळ्याखालून एक नाही, जाण्यायेण्याचे दोन समांतर बोगदे गेलेत. ते खोदले जात असताना वर लोकल धावत होती, दुकानं उघडत होती, गणपती येत-जात होते. इतक्या दाट वस्तीखाली, वीस-पंचवीस मीटर खोल, कधी त्याहूनही खाली, हे काम झालं कसं?

सुरुवात करायची तर थेट साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागतं.

त्या काळात आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ना, ते हेच थर. मुंबईखालचा काळा पाषाण या महाउद्रेकाच्या अखेरच्या काळातला. आणि इथे गंमत अशी की मुंबईत नुसता काळा बेसॉल्ट नाही. लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये जो शांत काळ गेला, त्यात इथे उथळ तळी साचली होती. त्यांच्या तळाशी गाळ बसला, गाळाचा खडक झाला, वरून पुन्हा लाव्हा आला. वरळीच्या टेकडीत अशा गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ‘डायनोसॉर’ हे नाव ज्याने दिलं, तोच हा ओवेन. आज वरळीखालून जाणारी मेट्रो त्या बेडकांच्या तळ्याच्या परिसरातूनच जाते!

खोदणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? समोर काय येईल याचा भरवसा नाही. अखंड बेसॉल्ट लागला तर तो कठीण, पण प्रामाणिक. बोगदा उघडा ठेवला तरी उभा राहतो. त्यानंतर ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक येतो, मग तुकड्यातुकड्यांनी सांधलेला ब्रेशिया, मग चिखलासारखा सुटा होणारा गाळखडक. खरी कसोटी लागते ती एकाच वेळी दोन्ही समोर आलं की. बोगद्याच्या खालच्या अर्ध्या भागात पोलादी खडक आणि वरच्या अर्ध्यात भुसभुशीत माती. यंत्र खाली अडखळतं आणि वरची माती मात्र आत कोसळू पाहते. ती कोसळली तर वरचा रस्ता खचणार.

त्यात मुंबईची जमीन सगळी जमीन नाहीच. सात बेटं होती, त्यांच्या मधून भरतीचं पाणी आत शिरायचं. मुंबईचं मुख्य बेट आणि वरळी यांच्यामधलं खिंडार बांध घालून बुजवलं गेलं ते १७८४ च्या सुमाराला, आणि त्यानंतर कुठे महालक्ष्मीच्या आसपासचा दलदलीचा मुलूख हळूहळू कोरडा झाला. दक्षिणेला तर समुद्रातच भराव टाकत शहर पुढे सरकलं. कफ परेड, विधान भवन, चर्चगेट या स्थानकांच्या आसपासची बरीचशी जमीन अशीच समुद्राकडून घेतलेली. तिथे थोडं खोल गेलं की पाणी लागतं.

या पाण्यामुळे एक अशी अडचण उभी राहते, जी ऐकून आपण थक्क होतो. भूमिगत स्थानक म्हणजे काय? जमिनीत पुरलेली एक प्रचंड पोकळ काँक्रीटची पेटी. भोवती पाण्याने भिजलेली माती. आर्किमिडीजचा नियम इथेही लागू आहे: जितकं पाणी बाजूला सारलं, तितका वर ढकलणारा जोर. म्हणजे हजारो टन वजनाचं हे स्थानक तरंगू पाहतं! अशी बांधकामं करताना छत पेलेल का, याच्याइतकाच दुसरा हिशेब महत्त्वाचा असतो: तळ वर उचलला जाणार नाही ना? जाड तळ, भिंतींचं वजन, वरची माती, आणि गरज पडली तर खाली खडकात रोवलेले खांब, या सगळ्यांनी स्थानकाला जागच्या जागी धरून ठेवायचं.

आता खोदणाऱ्या यंत्राकडे वळू. या मार्गासाठी अशी १७ यंत्रं कामाला लावली होती आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती: वैतरणा, सूर्या, तानसा, तापी, कृष्णा, गोदावरी, वैनगंगा. टीबीएम म्हणतात या यंत्राला. तोंडाशी बोगद्याएवढ्या व्यासाची एक फिरती चकती. तिच्यावर कठीण पोलादाच्या छोट्या चकत्या बसवलेल्या. या चकत्या खडक कापत नाहीत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्या खडकावर प्रचंड दाबाने गोल फिरतात. दोन चकत्यांच्या चाकोऱ्यांमधला खडक दाबाने तडकतो आणि त्याचे चपटे कपचे निघून पडतात. दगड कापण्यापेक्षा त्याला फुटायला लावणं स्वस्त पडतं.

पण एवढा दाब द्यायचा तर यंत्राला मागे कशाला तरी रेटा द्यायला हवा. जमिनीच्या पोटात रेटायला आहे काय? कोकणातला नारळ काढणारा पाडेली माडावर चढताना पाहिलाय? पाय खोडाला घट्ट धरतात, अंग वर जातं, मग पाय वर ओढले जातात, पुन्हा पकड. टीबीएम अगदी हेच करतं, फक्त आडवं. आणि पाडेलीला माड आयता मिळालेला असतो. यंत्र आपला माड स्वतःच बांधत जातं.

ते असं. साधारण दीड मीटर पुढे गेलं की खोदणं थांबतं. यंत्राच्या पोटातच आधी ओतून तयार केलेले काँक्रीटचे वक्र तुकडे आलेले असतात. एक यांत्रिक हात ते एकेक उचलून गोलाकार बसवतो. शेवटचा तुकडा पाचरीच्या आकाराचा. तो आत सरकला की अख्खं कडं आवळून घट्ट होतं. तुकड्यांच्या सांध्यांवर रबराच्या पट्ट्या असतात, पाणी आत येऊ नये म्हणून. कडं आणि खडक यांच्यामध्ये उरलेल्या फटीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात. मग यंत्रातले जॅक याच नव्या कड्याच्या कडेला टेकतात आणि रेटा देतात. यंत्र आणखी दीड मीटर पुढे. पुन्हा कडं. म्हणजे यंत्र पुढे जातं तेव्हा त्याच्या मागे राहतो तो नुसता खड्डा नसतो, पूर्ण तयार, अस्तर लावलेला बोगदा असतो!

आणि जिथे माती मऊ, तिथे आणखी एक युक्ती. खोदलेली माती लगेच बाहेर न काढता ती तोंडामागच्या खोलीत दाबून धरायची. समोरच्या ओल्या मातीचा जेवढा दाब, तेवढाच आतून. मग ती पुढची माती आत घसरत नाही, आणि वर राहणाऱ्या माणसाला आपल्या खालून काही गेलं हे कळतही नाही.

दिशा कशी कळते? मोबाईलमध्ये रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचे संदेश इतक्या खोल पोहोचत नाहीत. वर शहरात अत्यंत काटेकोर मोजणी करून पक्के बिंदू ठरवतात. ते बिंदू उभ्या विहिरीतून खाली उतरवतात. बोगद्याच्या भिंतीला लावलेलं एक मोजणीयंत्र लेझरचा किरण सोडतं, टीबीएमवरच्या लक्ष्यावरून तो परततो, आणि चालकाच्या पडद्यावर आकडे उमटतात: इतके मिलिमीटर डावीकडे, इतके वर. काँक्रीटची कडी जशी पुढे पुढे जातात, तसं मोजणीयंत्रही भिंतीवर पुढे सरकवावं लागतं आणि प्रत्येक वेळी मागचा हिशेब पुन्हा तपासावा लागतो, कारण इथली केसाएवढी चूक किलोमीटरभराने हातभर होते. आझाद मैदानातून किंवा माहीमच्या नया नगरमधून जमिनीत उतरलेलं यंत्र दूरच्या स्थानकाच्या भिंतीत, आधी आखलेल्या वर्तुळातूनच बाहेर पडायला हवं. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर महालक्ष्मीला शेवटचं यंत्र असं बाहेर आलं तेव्हा हे ४२ व्यांदा घडत होतं.

यंत्राचं कौतुक कितीही केलं तरी माझ्या मते या मार्गावरचं सर्वांत थरारक काम टीबीएमविना झालं आहे. तेही गिरगाव-काळबादेवीत.

बहुतेक स्थानकं वरून खड्डा खणून बांधली गेली. आधी कडेने जमिनीत खोल भिंती उतरवायच्या, वर पोलादी फळ्यांचा तात्पुरता रस्ता टाकायचा, त्यावरून बस, टॅक्सी चालू ठेवायच्या आणि त्यांच्या चाकांखाली मजल्यामागून मजला खणत जायचं. पण जगन्नाथ शंकरशेट मार्गाची रुंदी आठवा. दोन्ही बाजूंना शंभरी ओलांडलेल्या चाळी. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पहिल्यावहिल्या मंडपांपैकी एक, केशवजी नाईक चाळीचा, इथलाच. अशा ठिकाणी शेकडो मीटर लांबीचा खड्डा खणणार कुठे?

म्हणून थोड्या जागेत उभी विहीर खणली आणि तळाशी पोचल्यावर आडवं खोदत जमिनीतच स्थानकाची गुहा कोरली. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑस्ट्रियात आकाराला आली. तिच्यामागचा विचार फार देखणा आहे. खडकाला आधार द्यायचा नाही. खडकालाच आधार बनवायचं. एका वेळी थोडासाच भाग फोडायचा, मोजक्या दारूने किंवा यंत्राने. उघड्या पडलेल्या खडकावर ताबडतोब काँक्रीट फवारायचं, लांब पोलादी सळया आत रोवायच्या. खडक किंचित सैलावतो, मिलिमीटरमध्ये, आणि मग भोवतालचा दाब कमानीतून वळून दोन्ही बाजूंना उतरतो. गुहा स्वतःला पेलते. रोज मोजायचं: भिंती किती जवळ आल्या? हालचाल मंदावते आहे का? मंदावली तर पुढचा भाग, नाही तर आणखी आधार. वर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत असताना खाली हे चाललं होतं!

इमारतींच्या भिंतींवर झुकाव मोजणारी आणि भेगांची रुंदी नोंदवणारी उपकरणं बसवली होती. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या वारसा वास्तूंची काळजी इतकी मोठी होती की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ही काळजी अनाठायी नव्हती. दगडी कमानींच्या त्या इमारती पुन्हा बांधता येणाऱ्या नाहीत.

आणि सगळं काही अलगद झालं असंही नाही. गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती पाडाव्या लागल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबं हलली. त्यांना त्याच परिसरात नवी घरं देण्याची योजना या कामाचाच भाग आहे. कारशेडसाठी आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्यावर रात्रीच झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, पुन्हा आरेतच आलं. या मार्गाच्या किमतीचा ३७ हजार कोटी रुपयांचा आकडा सगळे सांगतात. त्या आकड्यात ही झाडं आणि ती घरं धरलेली नसतात, आणि मला तो आकडा म्हणूनच अपुरा वाटतो.

पाण्याने तर स्थानक चालू झाल्यावरही आपली ताकद दाखवली. २६ मे २०२५ रोजी पाऊस वेळेआधीच कोसळला. आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या एका अर्धवट बांधलेल्या प्रवेशमार्गाजवळची पाणी अडवणारी भिंत पडली आणि गढूळ लोंढा आत शिरला. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. भूमिगत मेट्रोत बोगद्यापेक्षा दारं नाजूक असतात. बोगदा बंद नळी आहे, पण जिन्याचं प्रत्येक तोंड हे पाण्याला दिलेलं आमंत्रण. म्हणून अशी तोंडं रस्त्याहून थोडी उंचावर असतात: आत उतरण्यासाठी आधी चार पायऱ्या चढायच्या. पुढच्या वेळी या पायऱ्यांकडे बघा.

खाली उतरलात की पहिली नवलाई: फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची भिंत. रूळ दिसतच नाहीत. आठ डब्यांची गाडी येते, आणि तिचे दरवाजे काचेच्या दरवाजांसमोर नेमके थांबतात. सुमारे १८० मीटर लांबीची, माणसांनी भरलेली गाडी दर वेळी वेगळ्या वजनाची असते, तरी ती ठरल्या जागी कशी थांबते? गाडी स्वतःची जागा सतत मोजत असते. चाकं किती फिरली यावरून अंतर. चाक थोडं घसरलं तर चूक होणार, म्हणून रुळांमध्ये ठिकठिकाणी बसवलेल्या खुणेच्या पट्ट्यांवरून जाताना ती आपला हिशेब दुरुस्त करून घेते.

याच मोजणीतून आणखी मोठी गोष्ट साधते. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात एक गाडी, मागची गाडी सिग्नलशी उभी. इथे गाडी रेडिओवरून सतत सांगत असते: मी इथे आहे, माझा वेग इतका आहे. मागच्या गाडीला त्यावरून कळतं की आत्ता, या क्षणी, मला कुठपर्यंत जायला मोकळीक आहे. सुरक्षित अंतराचा तुकडा रुळांवर आखलेला राहत नाही, तो गाडीबरोबर पुढे सरकतो! म्हणून गाड्या एकमेकींच्या जवळून धावू शकतात. आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीत ॲल्स्टॉमच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्या चालकाविनाही धावू शकतील अशा बांधणीच्या आहेत.

आवाजही लक्ष देऊन ऐका. वर जुनी घरं, देवळं, शाळा आहेत, त्यामुळे चाकांची थरथर खडकातून वर जाऊ न देणं गरजेचं होतं. रूळ ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसलेत, ते ठोकळे रबरी आवरणात बसवून मग खालच्या काँक्रीटमध्ये घट्ट केले आहेत. थरथर रबरातच विरते.

मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे आणि ते तिथे शोभतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती ज्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची होती, तिच्यासाठी या शहरात धडपडलेल्या माणसांत हे नाना शंकरशेट होते. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, दीड हजार व्होल्टवर. म्हणजे भूमिगत मार्ग पूर्ण झाला ते नेमकं विजेच्या गाडीच्या शताब्दीचं वर्ष.

मेट्रो चालते २५ हजार व्होल्टवर. दाब जास्त ठेवला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, वाटेत वीज कमी वाया जाते. पण इतक्या दाबाची वीज अरुंद बोगद्यात छताशी न्यायची, तिने भिंतीकडे उडी मारता कामा नये, आणि लोंबणाऱ्या तारेला तर जागाच नाही. म्हणून इथे ताणलेली तार नाही. छताला ॲल्युमिनियमची ताठ पट्टी बसवली आहे आणि तिच्या खालच्या कडेत तांब्याची तार पकडून ठेवली आहे. ती तुटून खाली पडण्याची भीती राहत नाही.

आणि वीज या पट्टीतून एकाच दिशेने वाहत नाही. गाडीला थांबायचं असतं तेव्हा तिच्या मोटारी उलटं काम करू लागतात. चाकं मोटारींना फिरवतात, मोटारी वीज बनवतात, गाडीचा वेग विजेत उतरतो आणि ती वीज त्याच पट्टीत परत जाते. दादरला शिरताना तुमच्या गाडीने जो वेग सोडला, त्यावर त्याच क्षणी जवळपासच्या स्थानकातून सुटणारी दुसरी गाडी वेग धरू शकते. तुम्हाला जाणवतं ते एवढंच, की गाडी अगदी सावकाश, हिसका न देता थांबली.